विन्सीच्या गाडीचा ऑईल-पाईप

चार मित्र आणि एक गाडी असली की किस्से साठतच जातात. आमच्या मरोळच्या ग्रुपमध्ये विन्सीच्या गाडीचे किस्से अजून निघतात. ऐंशीच्या दशकात गावठाणात साडेतीनशे सीसीची जपानी टू-स्ट्रोक मोटरसायकल म्हणजे काय थाट! सगळे हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू? बहुतेक किश्श्यांत गाढव मीच आहे. आणि त्यातला एक किस्सा तर मी कधी काढतच नाही.

* * *

पहिला आरे कॉलनीतला. विन्सी म्हणाला, "हळू रे, पॉवर एकदम येते."

"मला शिकवतोस काय!" म्हणत मी अ‍ॅक्सिलरेटर पिळला. पुढचं चाक हवेत, आणि मी थेट गोठ्यात, शेणात!

तिथला भैया शांतपणे म्हणाला, "दूध चाहिए तो लाइन उधर है!"

* * *

मग ऑईलचा. आमच्या बाबांच्या स्कूटरला पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागायचं. या गाडीला ऑईलची टाकी वेगळी, छोटा पंप हवं तेवढं ऑईल आपोआप इंजिनात सोडणार. मला कुठे ठाऊक! मी शहाण्यासारखं पेट्रोलमध्येही ओतलं. डबल ऑईल! किक मारली आणि गल्लीभर पांढरा धूर.

विन्सीची आई खिडक्या लावत ओरडली, "डासवाले आले, भांडी झाका!"

विन्सी हसून हसून लोळला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

* * *

म्हणून ठरवलं, भरपाई करायची. रविवारी विन्सी चर्चला गेला असताना मी गुपचूप टाकीतून पंपाकडे येणारा ऑईलचा पाईप काढला, साफ केला, परत बसवला. पाईप काढला की पंपातली हवा काढावी लागते, नाहीतर ऑईल पुढे जातच नाही, हे मला माहीतच नव्हतं.

दुपारी आरेच्या उतारावर इंजिन जाम, मागचं चाक लॉक. विन्सीचा खांदा मोडला. पुढच्या आठवड्यात तो बोटीवर जॉइन होणार होता. ती नोकरी गेली.

मी रोज मोसंबी घेऊन जायचो. रोज ठरवायचो, आज सांगून टाकू. रोज मोसंबी सोलून द्यायचो आणि घरी यायचो. लाज वाटते अजून.

* * *

प्लास्टर निघायच्या आधीच विन्सी आम्हा सगळ्यांना घेऊन गॅरेजला गेला. मिस्त्रीने इंजिन खोललं होतं. पिस्टनवर ओरखडेच ओरखडे. मिस्त्री भडकला, "पंपातली हवाच नाय काढली! पाईप कोणी काढलेला?"

मी पिस्टन हातात घेऊन निरखायला लागलो.

"मी," विन्सी म्हणाला. ज्याने जन्मात हातात पाना धरला नाही, तो!

मिस्त्रीला पटेना. "तू? मग सांग, पाईपची क्लिप कशाने काढलीस?"

विन्सी माझ्याकडे वळला. "अरे, सांग ना त्याला. कशाने काढली मी?"

"पकडीने," मी म्हणालो.