बेचाळीस पुस्तकांची यादी

माझ्या ऑफिसचं नाव मी सांगणार नाही. आता कोणी विचारतही नाही म्हणा, पण जिभेला सवयच नाही. दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये शेजारणींना एवढंच माहीत होतं, की मी एका सरकारी लायब्ररीत आहे. ते खोटं नव्हतं. लायब्ररी तळघरात होती, वरच्या झरोक्यांच्या काचांना आतून पांढरा रंग फासलेला. बाहेर ऊन आहे की धुकं, हे संध्याकाळी जिना चढल्यावर कळायचं.

नवरा दुसऱ्या मंत्रालयात, साध्यासुध्या. घरी आले की शर्ट बदलायच्या आत त्यांचं पुराण सुरू. कोणाची बदली झाली, कँटीनमध्ये कोण कोणाशी भांडलं. मग मला विचारायचे, "तुझ्याकडे काय झालं आज?" मी म्हणायचे, "काही नाही." अकरा वर्षं हेच. झालेलं असायचं हो बरंच काही, पण तोंड उघडणार नाही अशी सही करून दिलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. आमच्याकडे बुक्के कोणी मारत नसे, नुसतं तोंड दाबलेलं. जीव गुदमरायचा माझा, खरंच सांगते.

त्या वर्षी साहेबांनी मला एक काम दिलं. साहेब लखनौकडचे, बोलणं इतकं मऊ की रागावले तरी पानाचा डबा पुढे केल्यासारखं वाटावं. म्हणाले, "नए लडके आ रहे हैं, कुछ पढते ही नहीं. आप एक लिस्ट बना दीजिए." हेरगिरी, तुकड्यातुकड्यांच्या बातम्यांवरून अंदाज बांधणं, अफवा पेरून शत्रूला चकवणं, यांवर नव्या अधिकाऱ्यांनी काय वाचावं, त्याची यादी.

अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला डोक्याचं काम सांगितलं होतं. हिवाळाभर मी वाचत होते. बेचाळीस पुस्तकं निवडली. त्यातलं एकही गुप्त नव्हतं. निम्मी तर मीच रविवारी दर्यागंजच्या फुटपाथवरून उचलली होती, विणकामाच्या आणि होमिओपॅथीच्या पुस्तकांखालून. प्रत्येकापुढे दोन ओळी लिहिल्या, माझ्या मनाच्या. एकापुढे लिहिलं, लेखक बढाया फार मारतो, पण तिसरं प्रकरण सोडू नये. दुसऱ्यापुढे, आपला अंदाज चुकलाय हे कशावरून कळेल, ते आधी लिहून ठेवायला हे पुस्तक शिकवतं. एका म्हाताऱ्या हेराच्या आठवणी होत्या, त्यांच्यापुढे लिहिलं, माणसाला बांधून ठेवायचं तर पगार वाढवू नये, त्याच्या हातात एक गुपित द्यावं. स्वतःवरच खूश झाले होते मी. टाइप करताना कार्बन लावला, एक प्रत साहेबांना दिली, एक माझ्याकडे ठेवली.

तेव्हा गुडगावला मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवत होत्या. तिथल्या एका नव्या कंपनीला बाजाराची माहिती गोळा करायला माणूस हवा होता. वर्तमानपत्रं वाचायची, दुसऱ्या कंपन्यांचं काय चाललंय ते ताडायचं. जाहिरात नवऱ्यानेच कापून आणली. म्हणाले, "बघ, तुझंच काम दिसतंय. फक्त घरी सांगता येण्यासारखं." मी अर्ज केला आणि कामाचा नमुना म्हणून सोबत यादीची कार्बन कॉपी जोडली. हात दाखवून अवलक्षण. पण फुटपाथवरच्या पुस्तकांची यादी, वर ना शिक्का ना काही, त्यात कसली चूक, असं वाटलं.

धौला कुआँहून हरियाणाची बस पकडून मुलाखतीला गेले. मॅनेजरच्या केबिनला जमिनीपासून छतापर्यंत काच. मी सारखी बाहेर बघत होते. त्याला वाटलं माझं लक्षच नाही. तरी म्हणाला, "मॅडम, ये लिस्ट तो कमाल है. बस, अपने ऑफिससे एनओसी ले आइए." त्या संध्याकाळी नवऱ्याने सरोजिनी नगरहून जिलेबी आणली. "आता रोज तूही बोलशील," म्हणाले. "माझ्या कँटीनच्या गोष्टींचा मलाच कंटाळा आलाय."

ऑफिसात एनओसीचा, म्हणजे ना-हरकत पत्राचा, अर्ज दिला. चार दिवसांनी साहेबांनी बोलावून आधी चहा पाजला. मग म्हणाले, "कंपनीसे फोन आया था. आपकी लिस्टकी बहुत तारीफ कर रहे थे." आणि फाइल उघडली. माझी यादी, प्रत्येक पानावर लाल शिक्का, गोपनीय. खाली गेल्या महिन्याची तारीख, मी कंपनीला अर्ज पाठवण्याच्या आदल्या आठवड्यातली. मी पान उलटलं तर बोटाला लाल शाई लागली.

"सर, ये किताबें तो बाजारमें मिलती हैं," मी म्हटलं.

"किताबें मिलती हैं," साहेब म्हणाले. "लिस्ट नहीं मिलती."

आमच्याकडे कागद केव्हाही गोपनीय होऊ शकायचा, मागच्या तारखेनेही. मला हे माहीत नव्हतं असं नाही, तसल्या कागदांचं रजिस्टर माझ्याच कपाटात असे. साहेब मऊपणे म्हणाले, की ते ही गोष्ट पुढे नेणार नाहीत, मी फक्त बाहेर गेलेली कॉपी परत आणावी आणि एनओसीचा अर्ज मागे घ्यावा. "और ये बात यहीं तक," म्हणाले. म्हणजे घरीही नाही. नाही म्हटलं असतं तर चौकशी, आणि चौकशीत नवऱ्याची नोकरीही ओढली गेली असती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बस. मॅनेजरला सांगितलं, घरची अडचण आहे. त्याने बिचाऱ्याने यादी परत दिली. समासात त्याच्या पेन्सिलच्या खुणा होत्या. त्यातली पाच पुस्तकं त्याने विकतही घेतली होती, कनॉट प्लेसमधून.

ऑफिसात येऊन दोन्ही प्रती रजिस्टरमध्ये चढवल्या. तेही माझंच काम. कपाटात ठेवायच्या आधी साहेबांची प्रत चाळली. बेचाळीस पुस्तकांपैकी एकाच पुस्तकापुढच्या ओळीखाली त्यांनी लाल पेन्सिलने रेघ मारली होती. म्हाताऱ्या हेराच्या: पगार वाढवू नये, एक गुपित द्यावं. मी ती ओळ दोनदा वाचली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली नेहमीच्या खिळ्यावर अडकवली.

घरी मी मटार सोलायला घेतले. नवऱ्याने विचारलं, "एनओसी मिळाली का?"

"मी अर्ज मागे घेतला."

"का?"

"काही नाही. असंच."

रागावले असते तर बरं झालं असतं. "म्हणजे तुलाच सोडवत नाही ते ऑफिस," म्हणाले. "आणि मला वाटत होतं, तुला माझ्याशी बोलायचंय."

मी मटार सोलत राहिले. त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत रोज मला कँटीनच्या गोष्टी सांगत. माझ्याकडे काय झालं, ते मात्र त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही.