कोपऱ्यातला बाण

माझी नणंद कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतली नाही. मी त्यांना वन्सं म्हणते, आणि आम्ही दोघी पाणीपुरवठ्याच्या एकाच कंट्रोल रूममध्ये नोकरीला असल्यामुळे माझं ऐकून अख्खं ऑफिस त्यांना वन्संच म्हणायला लागलं. शिपाईसुद्धा. साहेब तेवढे मॅडम म्हणतात, तेही दबकतच. मी तक्रारींचे फोन घेते. वन्संचं काम मोठं. त्यांच्या पडद्यावर शहरभरच्या पाइपांच्या रेघा असतात आणि रेघांवर व्हॉल्व्हचे बारके ठिपके. माउसचा बाण ठिपक्यावर नेऊन दाबला, की तिकडे रस्त्याखालचा व्हॉल्व्ह उघडतो नाहीतर बंद होतो. त्या खुर्चीत बसून वन्संनी केस पांढरे केले आणि धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, याच खात्यात फिटर म्हणून चिकटवलं. स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं. तो विषय काढायची माझी टाप नाही.

तर या वन्संना बाण दिसेनासा झाला होता.

त्या कबूल करत नव्हत्या, पण शेजारी बसून मला कळायचं. करडा पडदा, त्यावर पांढऱ्या रेघा, आणि त्यात तो पांढरा, नखाएवढा बाण. हरवला की वन्सं माउस सरळ उजवीकडे खाली ढकलायच्या. बाण कोपऱ्यात जाऊन अडला, की तिथून अंदाजाने वर आणायच्या. अंधारात भिंत चाचपत बटण शोधावं, तसं. पण हे इतक्या झपाट्याने, की बघणाऱ्याला वाटावं बाईंची कामाची पद्धतच अशी आहे.

मी एकदा म्हटलं, "वन्सं, बाण मोठा करता येतो. पिवळासुद्धा होतो. करून देऊ?"

"म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं, हे काय म्हणून? मला काय आंधळी समजलीस?"

भीती कसली होती ते मला ठाऊक होतं. त्यांच्याआधी त्या खुर्चीत बसणाऱ्या ऑपरेटरची नजर अधू झाल्याचं समजलं, तेव्हा त्याची रवानगी मीटरच्या गोदामात झाली होती. गंजक्या मीटरांमध्ये बसून असायचा बिचारा. कुणी चहालाही बोलवायचं नाही. म्हणून वन्सं डॉक्टरकडे फिरकत नव्हत्या. मग मीही हट्टाला पेटले. त्या जेवायला उठल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवर एक सोय चालू करून ठेवली. कंट्रोलची कळ दाबून सोडली, की बाणाभोवती वर्तुळं उमटायची. हे सांगितल्यावर बाईसाहेबांनी कित्येक दिवस माझ्याशी अबोला धरला. कळीला बोट लावलं नाही ते नाहीच.

आणि मग ती सकाळ उजाडली. साहेबांनी मोठ्या हौसेने वन्संच्या पडद्याच्या उजवीकडे दुसरा पडदा बसवून घेतला. पंपांचे आकडे त्यावर वेगळे दिसणार होते. बसवणारा माणूस निघून गेला तरी साहेब कौतुकाने मागेच उभे होते. तिकडे बाजाराच्या चौकात माझ्या नवऱ्याची टोळी दुरुस्तीसाठी खड्ड्यात उतरली होती. तिथे शेजारी शेजारी दोन पाइप. त्यातला नादुरुस्त पाइप वन्संनी आल्या आल्याच बंद करून दिला होता.

फोन मीच उचलला. पलीकडून मुकादम ओरडत होता.

"वहिनी, दुसरा पाइप फुटला! बंद करा तो! दादा खाली आहेत, पाय अडकलाय त्यांचा!"

कसाबसा स्पीकर लावला.

"करते बंद," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी माउस हलवला. बाण दिसेना. सवयीने त्यांनी माउस उजवीकडे खाली ढकलला आणि वर आणला. दाबला, पण व्हॉल्व्हचा ठिपका हिरवाच, म्हणजे उघडाच राहिला. पुन्हा ढकलला, पुन्हा आणला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोपरा राहिलाच नव्हता! बाण जुन्या पडद्याची कड ओलांडून नव्या पडद्यावर जात होता, आणि वन्सं त्याला जुन्यावरच शोधत होत्या.

"कमरेपर्यंत आलं पाणी!" मुकादम ओरडला.

"द्या, मी बघते," मी उठले.

"हात लावू नकोस!"

माउस त्यांनी इतका घट्ट धरला होता की नखं पांढरी पडली होती. मला त्या क्षणी त्यांचा असा संताप आला की खुर्चीसकट ढकलून द्यावं. तिकडे माझा नवरा बुडतोय आणि ही बाई अजून लपवतेय!

मी त्यांच्या कानाशी वाकले. "वन्सं, नव्या पडद्यावर गेलाय तो. कळ दाबा."

त्यांनी मान वळवून साहेबांकडे पाहिलं.

"छातीला लागलं! अहो, काय करताय काय?"

वन्संनी कळ दाबली. नव्या पडद्याच्या तळाशी, आकड्यांच्या गर्दीत, वर्तुळं उमटली. त्यांनी माउस डावीकडे ओढला, कळ दाबली, ओढला, कळ दाबली. ठिपका गाठला. तो हिरव्याचा लाल झाला. स्पीकरमधून नुसता खळखळाट ऐकू येत होता.

"थांबलं," मुकादम म्हणाला. "चढायचं थांबलं. काढतोय त्यांना."

मी मटकन खाली बसले आणि रडले. कुणाची लाज धरली नाही.

साहेबांनी कपाळ पुसलं. "माझंच चुकलं, मॅडम. आज नवा पडदा बसवला म्हणून गोंधळ झाला. कुणाचाही झाला असता."

अगदी मनापासून म्हणाले. वर्तुळं त्यांना नव्या पडद्याचीच काहीतरी भानगड वाटली असावी. वन्सं सुटल्या होत्या. नुसती मान हलवली की झालं. मी तर तोंड उघडणारच नव्हते.

तेवढ्यात स्पीकरवर माझ्या नवऱ्याचा आवाज आला. दात वाजत होते, पण स्वभाव जाईल कुठे!

"ताई, चहा पीत बसली होतीस का गं? इथे माझी दुसरी आंघोळ झाली."

साहेब हसले. वन्सं हसल्या नाहीत.

"मला बाण दिसत नव्हता रे," त्या म्हणाल्या. "त्या नव्या पडद्याचं काही नाही. बरेच दिवस दिसत नाहीये. तू खड्ड्यात उतरलास ना, त्याच्याआधी पहिला पाइप बंद केला, तोही अंदाजानेच."

साहेबांचं हसू तोंडावरच राहिलं. वन्सं उठल्या, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"बस," त्या मला म्हणाल्या. "आणि कर तो बाण मोठा. साहेबांना दारातून दिसला पाहिजे."