पंचवीस फेटे, एक साडी आणि चित्रकोट

पगाराच्या पैशातून सहल करणं मला पटत नाही. पगार किराण्यासाठी, गॅससाठी आणि पोट्टीच्या, म्हणजे पिंकीच्या, फीसाठी असतो. सहल वरकमाईतून करावी. वरकमाई म्हणजे टेबलाखालची नव्हे. मी ज्या सरकारी कचेरीत नकाशे सांभाळतो तिथे टेबलाखाली फक्त धूळ आहे. मी म्हणतोय ती वरकमाई स्वतःच्या हातातल्या कलेची.

माझ्या हातात दोन कला आहेत. एक, स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरणं. आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात निम्म्या घरांतल्या वाट्या माझ्या अक्षरात आहेत. दुसरी, फेटे बांधणं. ही मला कोणी शिकवलेली नाही. लग्नांच्या फोटोंवर भिंग धरून मी घड्या मोजल्या आणि दोन महिने घरातल्या माठावर सराव केला. माठ फुटला तेव्हा कुकरवर केला. रायपूर राजधानी झाल्यापासून इथल्या लग्नांचा थाट असा वाढला आहे, की चौबे कॉलनीतल्या मराठी लग्नांपासून गुढ़ियारीच्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांना डोक्यावर तुरा हवा असतो. एका डोक्याचे साठ रुपये. माझ्या फेट्याची घडी एका बोटाच्या रुंदीची असते, सव्वा बोट नाही आणि पाऊण बोटही नाही.

हे पैसे बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जातात. गेल्या उन्हाळ्यातली लगीनसराई आणि दिवाळीतली भांडी मिळून डब्यात चार हजार दोनशे साठ रुपये जमले, तेव्हा मी बायकोला, रंजनाला, सांगितलं, "चला, चित्रकोट."

"एकोणीस वर्षं झाली लग्नाले," ती म्हणाली, "चित्रकोट चित्रकोट ऐकून राहिली मी. खरंच जाऊन राहिलो का आपण?"

खरंच जात होतो. फक्त माझा एक नियम होता. सगळी सहल डब्यातल्या पैशात करायची, पगाराचा एक रुपया लागता कामा नये. मोह नको म्हणून एटीएमचं कार्ड मी मुलीच्या हाती दिलं. पिंकी मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. ती म्हणाली, "पापा, कार्ड ले जाओ ना. नाटक क्यों?"

याला नाटक म्हणत नाहीत, नियोजन म्हणतात, असं तिला सांगून आम्ही दोघं नोव्हेंबरच्या एका सकाळी साडेसहाला पंडरीच्या बसस्टँडवर हजर झालो. रंजनाच्या बॅगेत एक नवी साडी होती. आंब्याच्या रंगाची, लाल काठ, जरीचा पदर. धबधब्यासमोर ही साडी नेसून फोटो काढायचा, एवढंच तिचं या सहलीचं नियोजन होतं.

पहिला दिवस: रायपूर ते जगदलपूर

जायचं असेल त्यांच्यासाठी: अंतर सुमारे तीनशे किलोमीटर, बसला सात तास सांगतात, साडेआठ लागतात. तिकीट आम्हाला माणशी एकशे नव्वद पडलं. डाव्या बाजूची खिडकी घ्या, सकाळचं ऊन मिळतं. धमतरीपर्यंत रस्ता सपाट आणि दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे ढीग. कांकेरला बस वीस मिनिटं थांबते. तिथे आलूगुंडा खा. तुमच्याकडे याला बटाटेवडा म्हणतात, पण हा आकाराने दीडपट असतो आणि चटणी न मागता पुन्हा वाढतात.

पुढे केशकालचा घाट. घाटात बारा वळणं आहेत. मी बोटं दुमडून मोजली.

"अकरा," रंजना म्हणाली.

"बारा. एक तुला डुलकी लागली तेव्हा गेलं."

"डुलकी लागली तरी पोट हलते माणसाचं. अकरा."

हा वाद कोंडागावपर्यंत चालला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी वळून "बारा हे, बारा" असं सांगितलं तेव्हा मिटला. रंजनाच्या मते ते बाबा माझ्या बाजूने बोलले कारण मी त्यांना आलूगुंडा दिला होता.

दुपारी जगदलपूरला लॉजवर पोचलो आणि नियोजनाला पहिला तडा गेला. मी फोनवर साडेतीनशेची खोली सांगून ठेवली होती. लॉजभर झेंडूच्या माळा लटकत होत्या. मॅनेजर म्हणाला, "भैया, पूरी लॉज बारात में चली गई. एक आठ सौ वाला बचा है, लेना है तो बोलो."

दोन ठिकाणी आणखी विचारलं. देवउठनी एकादशी झालेली, सगळीकडे लग्नं. आठशेची खोली घ्यावी लागली. तीन रात्रींचे साडेतेराशे जास्तीचे. म्हणजे चित्रकोटच्या टॅक्सीसाठी ठेवलेले अकराशे तर गेलेच, वर किरकोळीतले अडीचशेही गेले. रस्त्याच्या कामामुळे तिकडची बस त्या आठवड्यात बंद होती. चित्रकोट तिथून चाळीस किलोमीटर.

मी पलंगावर बसून हिशेब तिसऱ्यांदा मांडला. उत्तर तेच आलं.

"काहून तोंड पाडून बसले?" रंजनाने विचारलं. मी सांगितलं. तिने बॅगेतून साडी काढली, तिची घडी उलटी केली आणि पुन्हा ठेवून दिली. मग म्हणाली, "पिंकीले फोन करा. कुणाच्या हाती पैसे पाठवंल ती."

"ते पगारातले होतील."

"मंग धबधबा तुमच्या डब्यातच पाहू का मी?"

दुसरा दिवस: सव्विसावं डोकं

सकाळी जगदलपूरचा गोलबाजार पाहिला. त्याला तिकीट नाही. लाल मुंग्यांची चापडा चटणी पानावर घेऊन चाखली. आंबट, झणझणीत, लिंबाची आठवण यावी अशी. रंजनाने दोनदा घेतली. मी एकदा घेतली आणि मुंग्या मोजायचा विचार सोडून दिला.

दुपारी लॉजवर परतलो तर जिन्यात कोणीतरी ओरडलं, "अरे, पगड़ीवाले भैया!"

गुढ़ियारीचे एक बारदान्याचे व्यापारी. गेल्या मे महिन्यात त्यांच्या पुतण्याच्या लग्नात मी चाळीस फेटे बांधले होते. आज त्यांच्या मुलाची वरात होती, आणि तयार पगड्यांचा खोका रायपूरला दुकानातच राहिला होता. नवरदेवाची पगडी तेवढी सोबत होती. वरात पाच वाजता निघणार. दोन वाजले होते.

"भैया, भगवान ने भेजा है आपको," ते म्हणाले.

"भगवान ने नहीं, बस ने," मी म्हटलं. "साठ रुपये एका डोक्याचे. कापड तुमचं."

मी स्वतः खाली मांडवात उभं राहून डोकी मोजली. पंचवीस. पुन्हा मोजली. पंचवीस. पंधराशे रुपये. टॅक्सी मिळाली, वर चारशे उरले. बाजारात जाऊन त्यांच्या पैशाने गुलाबी मलमलीचे पंचवीस तुकडे कापून घेतले. दुकानात तेवढंच गुलाबी कापड होतं.

रंजना सोबत होती. म्हणाली, "दुसऱ्या रंगाचा एखादा जास्तीचा घ्या. लग्नघर आहे."

"पंचवीस म्हणजे पंचवीस. मी दोनदा मोजले."

पावणेपाचपर्यंत पंचवीस फेटे झाले. मी बांधायचो, रंजना पिना द्यायची आणि तुरे सरळ करायची. बँडवाले खाली सूर लावत होते. तेवढ्यात व्यापाऱ्यांच्या माणसांत धावपळ उडाली.

"फूफाजी कहाँ हैं?"

फूफाजी गच्चीवर होते. नवरदेवाच्या आत्याचे यजमान. मी डोकी मोजली तेव्हा ते रुसून वर जाऊन बसले होते. आमच्या छत्तीसगढात फूफा रुसला तर वरात हलत नाही. घोडी हलत नाही, बँड वाजत नाही. सगळे जण गच्चीवर गेले. मीही गेलो, कारण चूक माझी होती. दोनदा मोजूनही एक डोकं सुटलं होतं.

फूफाजी पाण्याच्या टाकीला टेकून, प्लास्टिकच्या खुर्चीवर, तोंड दुसरीकडे करून बसले होते. "चाय फीकी मिली, हम कुछ बोले?" ते टाकीला सांगत होते. "कमरा तीसरे माले पे मिला, हम कुछ बोले? अब पच्चीस लोग पगड़ी में जाएँगे और फूफा नंगे सिर. जाओ. हम यहीं ठीक हैं."

कोणी आपला फेटा काढून देऊ लागलं. "उतरन नहीं पहनेंगे," फूफाजी म्हणाले. मी म्हटलं, दुकानातून दुसऱ्या रंगाचं आणतो. बाजारला जाऊन यायला पाऊण तास. घोडीवाला खालून ओरडत होता की त्याला सात वाजता दुसरी वरात आहे. व्यापारी कपाळाला हात लावून बसले. माझे पंधराशे अजून त्यांच्याच खिशात होते. वरात निघाली नाही, तर ते कोणत्या तोंडाने मागायचे?

मी मागे वळून पाहिलं तर रंजना तिथे नव्हती. दोन मिनिटांत ती जिना चढून आली. हातात आंब्याच्या रंगाची साडी.

"बांधा," ती म्हणाली.

"अगं, ही..."

"बांधा म्हणते ना. उद्या सकाळी परत घेऊ. धबधबा पाहायचा आहे मले."

माझ्या फेट्याला साडेआठ मीटर कापड लागतं. साडी साडेपाच मीटर. पण फूफाजींचं डोकं लहान निघालं आणि मी घड्या बसवल्या एकेका बोटाच्या. सगळ्यात शेवटी जरीचा पदर आला. त्याचा तुरा उभा राहिला तो मोराच्या पिसाऱ्यासारखा. एवढा देखणा फेटा मी त्याआधी बांधला नव्हता. फूफाजींनी मोबाइलच्या काळ्या काचेत स्वतःला पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग उठले, कुडता झटकला आणि म्हणाले, "चलो भई, देर काहे कर रहे हो?"

खाली नवरदेवाने तो फेटा पाहिला आणि घोडीवर चढायच्या आधी वडिलांना विचारलं, "पापा, दूल्हा मैं हूँ कि फूफाजी?" त्याला बदलून हवा होता. फूफाजी म्हणाले, "बेटा, ये नाप का है." वरात निघाली. पंधराशे रुपये माझ्या हातात आले.

तिसरा दिवस: चित्रकोट

सकाळी आठला साडी मागायला गेलो तर खोल्या रिकाम्या. मॅनेजर म्हणाला, विदाई पहाटेच झाली, वऱ्हाडाची बस चित्रकोट दाखवायला गेली, तिथून परस्पर रायपूर.

"आणि फूफाजी?"

"पगड़ी पहन के ही सोए थे. बोले, खुल गई तो फिर कौन बाँधेगा."

रंजनाने जुनी सुती साडी नेसली आणि टॅक्सीत बसली. ड्रायव्हरला म्हणाली, "भैया, जल्दी चलो, मेरी साड़ी आगे जा रही है." तो "हव दीदी" म्हणाला आणि त्यानंतर आरशात आमच्याकडे जरा जपून पाहत राहिला.

टॅक्सी अकराशेला ठरवा, तीरथगढचा धबधबाही त्यातच होतो. वाटेत साल वृक्षांची दाट रांग लागते. शेवटच्या वळणाआधी आवाज येतो. नदी सरळ येते आणि अचानक घोड्याच्या नालेसारखी वाकून खाली पडते. नोव्हेंबरमध्ये पाणी मातकट नसतं, पांढरं असतं आणि भरपूर असतं. मी उंची वगैरे सांगणार होतो, पण रंजनाने माझा दंड धरला होता, म्हणून उंची सांगायची राहून गेली.

मग कठड्याजवळ गर्दी दिसली. गर्दीच्या मधोमध आंब्याच्या रंगाचा तुरा.

फूफाजींसोबत लोक फोटो काढत होते. वऱ्हाडीच नव्हे, अनोळखी लोकही. कोलकात्याच्या एका कुटुंबाला ते इथले राजे वाटले. रंजना पुढे गेली. त्यांनी तिला पाहिलं, हात तुऱ्याकडे नेला आणि थांबले.

"बहनजी," ते हळू म्हणाले, "तीस साल से शादियों में जा रहा हूँ. पहली बार कोई मेरे साथ फोटो खिंचवा रहा है. बस छूटने तक रहने दीजिए."

 मी घड्याळ पाहिलं. बस अर्ध्या तासात सुटणार होती, पण साडी नेसायला, पदर लावायला रंजनाला वेळ लागतो आणि तीरथगढ व्हायचं होतं. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या भाऊजी." आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. मला म्हणाली, "घ्या फोटो. साडी अन् मी दोघी आलो पाहिजे."

फोटो घेतला. त्यात सुती साडीतली रंजना आहे, तिच्या शेजारी फूफाजी आहेत आणि त्यांच्या डोक्यावर तिची साडी आहे. तुरा इतका सरळ उभा आहे की धबधब्याचा उजवा अर्धा भाग त्यामागे गेला. बस सुटताना फूफाजींनी खिडकीतून फेटा दोन्ही हातांनी, बाळ द्यावं तसा, रंजनाच्या हातात दिला.

घरी

परतल्यावर मी पिंकीला अभिमानाने सांगितलं, "कार्ड लागलं नाही. पगाराचा एक रुपया खर्च झाला नाही." हा लेख मी त्याच वाक्याने संपवणार होतो.

रंजना भांडी लावत होती. "साडी कशाच्या पैशाची होती?" तिने विचारलं.

मी डब्याचं झाकण लावलं.

"घरखर्चातून वाचवले होते मी. तो घरखर्च कुठून येते?"

"पगारातून," पिंकीच्या तोंडून चक्क मराठी बाहेर पडलं.

म्हणून वाचकहो, दुरुस्ती करतो: ही सहल संपूर्ण वरकमाईतून झाली, फूफाजींच्या डोक्याएवढा भाग वगळून. डब्यात आता एकशे दहा रुपये आहेत. पुढच्या वेळी डोकी मोजताना मी आधी गच्ची पाहणार आहे.

साडीचा पदर मात्र सरळ होत नाही. तुऱ्याच्या घड्या जरीत बसल्या आहेत, एकेका बोटाच्या. पिंकी इस्त्री घेऊन बसली होती, रंजनाने तिला उठवलं. परवा चौबे कॉलनीतल्या एका लग्नाला ती तीच साडी नेसून गेली. मी कोपऱ्यात फेटे बांधत होतो. एका बाईने तिच्या खांद्याकडे पाहून विचारलं, "अहो, पदराच्या इतक्या बारीक घड्या कोण घालून देतं तुमाले?"

"आमचे मिस्टर," रंजना म्हणाली. "ऐंशी रुपये घेतात."

हा भाव मलाही तेव्हाच कळला.