मंडईच्या दुसऱ्या सकाळचं रक्तदान

दिवाळी सरली की आमच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा बाजार आणि दंडारीचं नाचगाणं, रात्री नाटक. लेकी-जावई, साडू, मामेभाऊ, घरोघरी पाहुणे. एवढी माणसं पुन्हा एका जागी सापडायची नाहीत, तर रक्तदान शिबिर मंडईच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ठेवावं, हा विचार माझ्या डोक्यातला. दुसऱ्या कुणाला सुचणं शक्यही नव्हतं.

शिबिर हवंच होतं. शेजारच्या भाऊंच्या मुलीला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि मंगळवारी तिला रक्ताची पिशवी चढवायची होती. भंडाऱ्याच्या रक्तपेढीतून निरोप आला, की सणासुदीत दाते फिरकले नाहीत, तिच्या गटाची पिशवी शिल्लक नाही. भाऊंनी स्वतः दीड महिन्यापूर्वीच रक्त दिलं होतं. पुरुषाला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. ते रोज पेढीत जाऊन "माहं घ्या ना" म्हणत आणि रोज परत येत.

रविवारी सकाळी नऊला रक्तपेढीची गाडी आली. मी शिकवतो त्या शाळेच्या व्हरांड्यात चाळीसेक माणसांची रांग. मी कौतुकानं रांग मोजत होतो. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याला विचारलं, "रात्री किती तास झोपलात?"

"झोपाले टाइम कोठी भेटला मॅडम? नाटक होतं ना!"

दुसराही तेच म्हणाला. तिसरा तर उत्तर देता देता जांभई देऊन राहिला होता.

"हे शिबिर ठरवलं कुणी?"

रांगेतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नाटकात मी दुष्ट सावकार होतो आणि मिशीचा काळा रंग अजून ओठावर होता.

"जागरण झालेल्याचं रक्त मी घेणार नाही," बाई म्हणाल्या. "चक्कर येऊन पडतील. आणि रात्री ज्यांनी घेतली असेल त्यांनी आपणहून घरी जावं." रांगेचं शेपूट गुपचूप गळालं.

भाऊ दाराशी मुलीचा कागद हातात धरून उभे होते. मला शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. ते नुसते कागदाची घडी घालत आणि उघडत राहिले. मी मनाशी म्हटलं, चूक आपली आहे, आता गाडी रिकामी जाऊ द्यायची नाही.

बाकावर चढलो. "काल नाटक चालू असताना कोण कोण झोपलं? खरं सांगा!"

नटाच्या तोंडावर असं कोण सांगणार? शेवटी पलीकडच्या आळीतल्या मावशी पदर सावरत पुढे आल्या. "सर, राग नका मानू. तुमचा पार्ट सुरू झाला अन् मी घरी जाऊन झोपली. सकाळीच उठली."

मग बांधच फुटला.

"माहा डोळा तुमच्या त्या लंब्या भाषणातच लागला."

"मी तं तुमी आहा म्हणून चादर घेऊनच आलतो!"

अशी चौदा माणसं निघाली. माझ्या अभिनयाची एवढी उघड पावती कधी मिळाली नव्हती. मावशी बावन्न वर्षांच्या. "मी चालन का?" त्यांनी विचारलं. अठरा ते पासष्ट चालतं, वजन पंचेचाळीस किलो हवं, हिमोग्लोबिन साडेबारा, बाईंनी सांगितलं. मावशी सगळ्यात पास. एक नवी सून एकेचाळीस किलोची, ती परत. एकाला महिन्यापूर्वीच मलेरिया झालेला, तोही परत.

"उद्या धान कापाले जमन का?" एकानं दंडाला बोळा धरून विचारलं.

"जमेल. आज भरपूर पाणी प्या, जड काम करू नका."

उरलेल्यांना मी म्हटलं, "घरी जा, जेवा आणि झोपा. तीन वाजता उठवतो." बाई सहापर्यंत थांबायला कबूल झाल्या. दुपारी मी आळीआळीनं दारं ठोठावली. एका जावयानं डोक्यावरून पांघरूण ओढून घेतलं. मी ते ओढून काढलं. सासऱ्याला वाटलं, सावकार अजून नाटकातच आहे. तरी आणखी नऊ जण आले. स्वतः झोपायला मला वेळच मिळाला नाही, तेव्हा संध्याकाळी मी हात पुढे केला तसा बाईंनी "तुम्ही आधी झोपा" म्हणत तो सरळ मागे सारला.

पिशवीवर कुणाचं नाव नसतं. तपासणी होते आणि ज्याला लागेल त्याला जाते. सोमवारी संध्याकाळी भाऊंना फोन आला, तिच्या गटाच्या तीन पिशव्या पास झाल्या.

मंगळवारी मी भंडाऱ्याच्या इस्पितळात गेलो. मुलगी खाटेवर, पिशवी निम्मी उतरलेली, ओठांवर थोडा रंग आलेला.

"काका, हे तुमचं आहे का?"

"नाही गं. मी नापास."

"डॉक्टर म्हणते, पुढच्या महिन्यात अजून लागन." परीक्षेची तारीख सांगावी तसं तिनं सांगितलं.

आदल्या रात्री मी आठ तास झोपलो होतो, सकाळी पोटभर जेवलो होतो. जिना उतरून रक्तपेढीत गेलो, फॉर्म भरला, खाटेवर आडवा झालो आणि शर्टाची बाही वर केली.