मनकूभाऊंची काठी आणि राज्याचा आराखडा

मनकूभाऊ गेल्याची बातमी माझ्यापर्यंत पाचव्या दिवशी पोचली. धानोऱ्यापलीकडचं त्यांचं गाव आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला आहे. पावसाळ्यात तो कोणालाच वाट देत नाही, बातमीलाही नाही. पाणी उतरल्यावर त्यांची मुलगी सोमारी चंद्रपूरला माझ्या घरी आली. चप्पल काढून दारातच उभी राहिली. "गुरुजी, बाबा गेला." ताप होता, दवाखाना नाल्यापलीकडे होता... पुढचं तिला सांगावं लागलं नाही.

त्या गावात मी सहा वर्षं शिक्षक होतो. मनकूभाऊंकडे पुरुषभर उंचीची, वर आणखी हातभर, अशी एक बांबूची काठी होती. दर पावसाळ्यात नाला जिथवर चढे, तिथवर ते तिच्यावर खूण कोरत. आलेल्या प्रत्येक साहेबाला ती दाखवत आणि पूल मागत. साहेब काठीची नक्षी सुंदर आहे म्हणत.

मी निवृत्त होऊन चंद्रपूरला आलो आणि काही वर्षांनी सरकारने राज्याच्या वाहतुकीचा पुढच्या तीस वर्षांचा आराखडा करायला घेतला. तो म्हणे लोकांना विचारून होणार होता. जाहिरात मीच मनकूभाऊंना कळवली, हे माझं पाप. तीन बस बदलून ते आले. सभागृहाच्या दाराशी पहारेकऱ्याने काठी अडवली, म्हणून ती माझ्या घरी ठेवून आम्ही आत गेलो. अशा सभेला जनसुनावणी म्हणतात, कारण ऐकायचं काम जनतेकडे असतं. कोट घातलेल्या एका तरुण सल्लागाराने पडद्यावर राज्यभर जाड निळ्या रेघा दाखवल्या. आमच्या बाजूला येईपर्यंत त्याची शाई संपली असावी. मनकूभाऊ उठले.

"आमचा गाव यात कुठी हाय?"

"काका, हा राज्यस्तरीय नकाशा आहे."

"हौ, पण आमी कोनत्या राज्यातले, तेवढं सांगून द्या."

लोक हसले, सल्लागारही हसला आणि फोटोवाल्याकडे बघत त्याने त्यांच्या हातात सूचनापत्र ठेवलं. रोजच्या प्रवासाला आपण काय वापरता: दुचाकी, चारचाकी, बस, मेट्रो. पायांसाठी चौकोन नव्हता. पत्र पाच मिनिटांत भरून पेटीत टाकायचं होतं. मनकूभाऊंनी ते घडी घालून खिशात ठेवलं. मी म्हटलं, भरून टाका. ते म्हणाले, "गावाले न विचारता मी एकटा कसा सांगू, गुरुजी?"

गावाला विचारणं म्हणजे शेवटच्या माणसाचं होईपर्यंत बसणं. हात वर करून मोजणी तिथे होत नाही. एका म्हातारीचं म्हणणं पडलं, उतारावर पूल बांधला तर मोहाची झाडं जातील. मग पुलाची जागा वर सरकवली, ती दुसऱ्या कोणाला पटेना. तीन दिवस बसून सगळ्यांचं एकमत झालं. त्या सूचनापत्राच्या मागे सगळ्या गावाचे अंगठे उमटले. सबंध राज्यात लोकांचा म्हणावा असा तो एकच कागद असेल. पण तो कचेरीत पोचला तेव्हा सूचना द्यायची मुदत संपून दोन दिवस झाले होते. कारकुनाने तो घेतला नाही.

आराखडा छापून आला. गुळगुळीत कागद, आत 'व्यापक लोकसहभाग' नावाचं प्रकरण आणि मुखपृष्ठावर हातात सूचनापत्र घेतलेले मनकूभाऊ. माणूस घेतला, कागद नाकारला. मी संतापलो. मनकूभाऊंनी फोटो निरखून पाहिला आणि म्हणाले, "काठी नाई दिसत." गेल्या हिवाळ्यात ती माझ्याकडेच ठेवून गेले. पुढच्या सभेत ती दाखवायला त्यांनी मला बजावलं होतं, "मी असो नसो..."

सोमारीने त्या दिवशी पिशवीतून सुतळीचं एक भेंडोळं काढलं. मनकूभाऊ तापात असतानाच पूर आला होता. काठी गुरुजींकडे आहे, तर दोरीनं मोजून ठेव, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. पाणी ओसरल्यावर मनकूभाऊ काठी लावत त्याच काठावरच्या झाडाच्या बुडापासून गाळाच्या रेषेपर्यंत तिने मोजलं. दाराआडची काठी मी काढली. दोरीचं एक टोक तिने बुडाशी धरलं, दुसरं मी वर नेत गेलो. एकेक खूण मागे पडली. मग काठी संपली आणि दोरी माझ्या हातात उरली.

काठी दाराआड परत ठेवली आहे. आराखड्याच्या आढावा सभेला लोकांनी मोठ्या संख्येनं यावं, असं निमंत्रण परवा आलं. काठी ते आत नेऊ देणार नाहीत. दोरी खिशात मावते.