टार्निटहून दिलेला सल्ला

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच मी पुढचं सगळं ठरवून टाकलं होतं. डिग्री, मग दोन वर्षं आयसीयू, मग अमेरिकेतलं नर्स ॲनेस्थेटिस्टचं कॉलेज. इथे ऑस्ट्रेलियात भूल फक्त डॉक्टर देतात. अमेरिकेत मात्र नर्सही शिकून देऊ शकते, हे कळल्यावर मी हुरळूनच गेले. मेलबर्नजवळच्या टार्निटमध्ये भाड्याच्या खोलीत बसून कॉलेजांच्या अटी पाठ केल्या.

पुण्याला आईला फोनवर हे सगळं समजावलं. मुलगी नर्स होणार हे तिला पचत नव्हतं, पाहुण्यांत सांगायची लाज वाटायची. तिने मधली वर्षं सरळ गाळली आणि लेक भूल देणारी डॉक्टर होतेय असं सांगत सुटली. पुढे पुढे तर झालीच म्हणून सांगू लागली. मी तिला एकदाही टोकलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते ऐकायला आवडायचं.

मग कोविड आला. आयसीयूतली शिकाऊ प्लेसमेंट रद्द झाली आणि मी एका केअर होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालायच्या, भरवायच्या कामाला लागले. त्या हिवाळ्यात तिथल्या खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. व्हेंटिलेटर मी पाहिला होता तो फक्त युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये, रबरी पुतळ्याला लावलेला.

मी शेवटच्या वर्षाला गेले आणि पुण्यात बाबांना ॲडमिट केलं. सीमा बंद, जाणं शक्य नव्हतं. एका दुपारी ब्रेकमध्ये कारपार्कात मास्क काढून बसले होते, तेवढ्यात दादाचा फोन आला.

"व्हेंटिलेटर लावायचा म्हणतायत. सही हवीय, आत्ताच. काय करू?"

"दादा, डॉक्टर म्हणतायत तर..."

"अगं, इथे लावलेला एकही परत आलेला बघितला नाही मी. तू सांग. तुझं रोजचं काम आहे ना हे?"

मागून आईचा आवाज आला, "तिलाच विचार. घरची डॉक्टर असताना परक्यांचं कशाला ऐकायचं?"

मी विद्यार्थिनी आहे, मला यातलं काही कळत नाही, एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण मला लाज वाटली. बाप मरणाच्या दारात असताना मला माझी लाज वाटली. मी ऑक्सिजनचा आकडा विचारला, क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि डॉक्टरी आवाजात म्हणाले, "पालथं झोपवा. उद्यापर्यंत थांबू या."

ते थांबले. संध्याकाळपर्यंत ते मशीन दुसऱ्या पेशंटला गेलं. दुसऱ्या दिवशी बाबा गेले.

अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले. पुढे पास झाले, आयसीयूत नोकरी लागली, दोनाची चार वर्षं झाली. अमेरिकेचा अर्ज केला नाही. व्हेंटिलेटरने बाबा वाचले असते का, ते मला आजही सांगता येत नाही. पण दादाने सांगितलेल्या त्या आकड्यावर आम्ही आयसीयूत उद्यापर्यंत थांबत नाही.

आई अजून येईल त्याला सांगते, "लेक एवढी शिकलेली, म्हणून त्यांचे हाल झाले नाहीत. तिने तिकडून बरोबर सांगितलं." परवा व्हिडिओ कॉल चालू असताना एका मावशींना हेच सांगून तिने फोन त्यांच्याकडे वळवला आणि मला विचारलं, "हो ना गं?"

मी हो म्हणाले.