न संपलेला रोल

वसंतामामा आमच्याकडे शेवटचा आला तो गेल्या भाऊबीजेला. आईने पाट मांडला, भोवती रांगोळीची रेघ ओढली. मामाने टोपी आणली नव्हती, म्हणून खिशातला रुमाल डोक्यावर पसरला आणि पाटावर बसला. आई त्याची मोठी बहीण, तो तिला 'बाई' म्हणायचा. तिने कुंकू लावलं, ओवाळलं, आणि ताट खाली ठेवणार तेवढ्यात मामा मान वर करून म्हणाला, "बाई, त्या दिवशीची आई मले अजून जशीच्या तशी दिसते. एकदा ऐकून तर घे ना वं..." आई म्हणाली, "झालं ओवाळून. ऊठ. भजी थंडी होऊन राहिली." मामा उठला. भजी खाल्ली, माझ्या परीक्षेची चौकशी केली आणि कोराडीची बस गाठायला निघून गेला. मी दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं पाहत होते. मी नेहमी पाहतच असते. बोलायचं असतं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, ही माझी शाळेपासूनची सवय. घरचे त्याला इंग्रजी शाळेचं वळण म्हणतात.

थंडीत एका सकाळी शेजारच्या काकूंकडे फोन आला. मामा कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होता. सकाळपाळीला निघताना सायकलचं कुलूप काढायला वाकला, आणि तिथेच बसला. लोक जमेपर्यंत सगळं संपलं होतं. फोन आईनेच घेतला. परत येऊन ती ओट्यापाशी उभी राहिली आणि दूध उतू जाऊन गॅस विझला तरी तिला कळलं नाही. मग म्हणाली, "मी त्याला बोलू दिलं नाही." एवढंच. त्यानंतर ती रडली ती सगळ्या बहिणी रडतात तशी, पण हे वाक्य तिने पुन्हा उच्चारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आमच्या नात्यात कॅमेरा असलेला मामा एकटाच. मस्कतहून परतलेल्या एका शेजाऱ्याकडून त्याने तो घेतला होता. तळहाताएवढा, काळा, जपानी. बटण दाबलं की झुंई आवाज करत त्याचं नाक पुढे यायचं आणि लांबचा माणूस जवळ दिसायचा. आत रोल घातला की तो आपोआप सरकायचा, संपला की आपोआप गुंडाळला जायचा. माहितीपुस्तिका त्या शेजाऱ्याने मस्कतलाच हरवली होती, त्यामुळे मामा त्या कॅमेऱ्याविषयी जे शिकला ते चुकत-माकत. त्याचा सेल नागपुरात मिळायचा नाही. कोणी मुंबईला निघालं की मामा स्टेशनवर जाऊन त्याच्या खिशात जुना सेल नमुना म्हणून घालायचा. कोराडीच्या राखेने कॅमेऱ्याचं नाक मध्येच अडकायचं. ते टाळायला तो कॅमेरा मऊ सुती फडक्यात गुंडाळून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचा. बसमध्ये लोकांना वाटायचं, मामा जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलाय. वीज केंद्राच्या कॉलनीतली बारशी, निरोपसमारंभ, नवी स्कूटर, सगळ्याला बोलावणं मामालाच. एक रोल दोन-तीन घरं मिळून वापरायची आणि तो संपेपर्यंत सगळी वाट पाहायची. "काहून गा वसंतराव, माहा पोरगा चालाले लागला, बारशाचा फोटो कधी देता?" असं लोक विचारायचे, आणि मामा म्हणायचा, "अजून चार बाकी आहेत. कोणाचं काही शुभकार्य असन तर पाहा."

हे चार फोटो वाया न घालवणं त्याच्या रक्तात होतं. आईचं माहेर विणकरांचं. आता मागावर कोणी बसत नाही, पण आजी, म्हणजे आईची आई, जन्मभर मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरत आली. मी लहान असताना तिने मला नखाएवढ्या सुताच्या टोकाला दुसरं सूत कसं जोडायचं ते दाखवलं होतं. बोटं ओली करायची, पीळ द्यायचा, गाठ दिसताच कामा नये. घरात सुताचं टोक फेकलेलं तिला चालायचं नाही. मामा त्याच हाताखाली वाढला. रोल भरताना त्याचं टोक थोडं बाहेर ओढून एका खुणेपर्यंत न्यावं लागतं. तेवढी पट्टी उजेडाने जळते. ती पट्टी मामाच्या डोळ्यात सलायची. तो टोक जेमतेम पोहोचेल एवढंच ओढायचा. "दोन फोटो जास्त निघतात," असं मला अभिमानाने सांगायचा, आणि खरोखरच निघायचे.

माझी मोठी बहीण शैला हिचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी नागपुरातल्या बर्डीवरचा एक स्टुडिओवाला बोलावायचं ठरवलं होतं. मामा म्हणाला, "मी असून बाहेरचा काहून? भाची आहे माही." आई खूश झाली. मे महिना, मांडवावर ओल्या चादरी टाकलेल्या, आणि मामा नवा सफारी शिवून, गळ्यात कॅमेरा लटकवून सकाळपासून फिरत होता. मंगलाष्टकांच्या वेळी मामाने नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. तो उभा राहिला, आणि अंतरपाट सरताच शैलाच्या खांद्यावरून एका हाताने नवरदेवाचा फोटोही काढला. भटजी म्हणाले, "मामासाहेब, आधी अक्षता तरी टाका." सगळे हसले. मला आठवतं, कॅमेऱ्यावरच्या बारीक खिडकीत एक शून्य दिवसभर लुकलुकत होतं. मामाने समजूत करून घेतली की फ्लॅश तयार होतोय.

एरवी एकेक फोटो तोलून काढणारा मामा त्या दिवशी मोकळ्या हाताने फोटो काढत सुटला. बँडवाल्यांचा काढला, वाढप्यांचा काढला, पाण्याच्या ड्रमशेजारी झोपलेल्या पोरांचा काढला. व्याह्यांकडचा एक म्हातारा तीनदा येऊन उभा राहिला, तीनदा काढला. "आज रोल संपूनच नाही राहिला वं," तो मला म्हणाला. त्याचा चेहरा घामाने चमकत होता. "जपानी माल आहे." मग भोवतालच्यांना म्हणाला, "उभे राहा, अजून एक घ्या." मी कोणाच्या तरी पाठीमागे सरकले, कारण मला फोटोत यायला आवडत नाही. मामाला ते ठाऊक होतं. तो म्हणाला, "लप तू. मी लांबून काढतो. तुले कळणार बी नाही." शेवटी त्याने कंटाळून स्वतःच गुंडाळायचं बटण दाबलं. क्षणात आवाज थांबला. त्याचंही त्याने कौतुकच केलं.

फोटो आणायला आम्ही दोघं गेलो, कारण लॅब बर्डीवर, माझ्या कॉलेजच्या वाटेवर होती. काउंटरवरच्या माणसाने फिल्मची पट्टी उजेडाकडे धरली. तांबूस, नितळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "कोरा आहे, साहेब. टोक कमी सोडलं असन तुम्ही. मशीनने पकडलंच नाही. तुम्ही बटन दाबत राहिले, आत काही सरकलंच नाही." मामाने पट्टी हातात घेतली. मला वाटलं तो अंतरपाटाचं विचारेल, शैलाचं विचारेल. तो म्हणाला, "एक झूम करून काढला होता. तो बी नाही?" माणूस म्हणाला, "झूम काय अन् बिगर झूम काय, साहेब." मामाने पट्टी परत दिली आणि धुण्याचे पैसे चुकते केले. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडताना त्याने माझा हात धरला, मी लहान असताना धरायचा तसा. मला कॉलेजच्या मुली बघतील म्हणून कानकोंडं झालं.

पुढचं सांगायला मला जड जातं. शैलाच्या सासरी उमरेडला त्यांच्या बाजूच्या फोटोंचा अल्बम होता. त्यात आमच्या घरचं कोणी नव्हतं. तिथे बायका विचारत, "तुमच्याकडचा अल्बम आणला नाही का?" आणि शैला काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. पण तेही निभलं असतं. त्याच वर्षी दिवाळीनंतर आजी गेली. आजीचा फोटो म्हणावा असा एकही घरात नव्हता. कॅमेरा दिसला की ती पदर कपाळाखाली ओढायची आणि मान फिरवायची. एका जुन्या फोटोत ती आहे, पण तिथे नुसता पदर आहे. लग्नात मात्र मामाने तिला लांबून, तिच्या नकळत टिपलं होतं. हे त्याने आईला फोटो यायच्या आधीच सांगून ठेवलं होतं. आजी गेल्यावर आईला तेच आठवत राहिलं. दहाव्याला नात्यातल्या दहा माणसांसमोर ती म्हणाली, "दोन फोटो जास्त काढायच्या नादात यानं माही आई घालवली." मामा घाटावरून नुकता आला होता. डोक्याचं मुंडण केलेलं, अंगावर ओलं धोतर.

मग ती एक गंमतच होऊन बसली. कोणाचंही लग्न असो, काका लोक जेवता जेवता हाक द्यायचे, "वसंता, तुहा रोल संपला का गा?" मामा म्हणायचा, "चालूच आहे," आणि त्यांच्याबरोबर हसायचा. पंगतीत बसलेले सगळे हसायचे. मीही ओठ दाबून हसत असे, कारण सगळे हसत असताना न हसणारी मुलगी उठून दिसते. आमच्या घरी आला की त्याचा डबा पिशवीतच राहायचा. आईशी तो लग्नाविषयी बोलायला जायचा आणि आई विषय मोडायची. प्रत्येक वेळी त्याची सुरुवात तीच असायची, "बाई, त्या दिवशी आई..." आम्हाला वाटायचं, तो माफी मागतोय. मागू दे आणखी, असंच काहीसं आमच्या सगळ्यांच्या मनात असणार. मी खोटं कशाला लिहू.

मागच्या आठवड्यात आई आणि मी कोराडीला मामीकडे गेलो. मामीने चहा टाकला. कॅमेऱ्याचा डबा फळीवर होता, पण आईने तिकडे पाहायचं टाळलं. तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरमधली बाई डोकावली. रायपूरकडची, साठीची. मामीने ओळख करून दिली, "या त्याईची मोठी बहीण." त्या बाई आईकडे टक लावून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अच्छा, वो फोटो वाली अम्मा की बेटी? ठुड्डी बिलकुल वैसी है."

आईला कळेना. "कौनसा फोटो?" तिने विचारलं.

"वही, शादी वाला. बूँदी वाला." बाई हसल्या. "यहाँ सबको मालूम है. भैया सबको सुनाते थे."

मामी चहा गाळता गाळता म्हणाली, "कोणी नवीन आलं की सांगतच. मलेही पाठ झाला. मी म्हणायची, किती वेळा सांगता हो. तर म्हणत, निघाला असता तर एकदाच दाखवला असता. नाही निघाला, म्हणून सांगा लागते."

मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला होता की मी नजर खाली घातली. ज्या दिवशी तिने दहा माणसांसमोर ते वाक्य टाकलं, त्या दिवशी मुंडण करून समोर उभा असलेला माणूस स्वतःच्या आईचे दिवस करून आला होता. ती त्याचीही आई होती. बर्डीवर ती पट्टी हातात धरून त्याने ज्या एका फोटोची चौकशी केली तो त्याच्या आईचा होता. हे आमच्या घरात कधी कोणाला सुचलं नाही. मला सुचलं नाही, जिला वाटायचं आपण बोलत नसलो तरी सगळं पाहतो... तो माफी मागत नव्हता. त्याच्याकडे आईची एक वस्तू उरली होती आणि ती बहिणीला द्यायची होती. आम्ही ती घेतली नाही, म्हणून तो कॉलनीभर वाटत राहिला.

आई खाटेवर बसली होती. ती थोडी सरकली आणि शेजारची चादर हाताने सारखी केली. "बैठो ना," ती त्या बाईंना म्हणाली. बाई बसल्या. आईने पदराने डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच हनुवटीपर्यंत येऊ दिलं.

"पंगत बैठने के पहले का टाइम था," बाई सांगू लागल्या, "अम्मा रसोई के पीछे बोरे पर अकेली बैठी थी, कटोरी में बूँदी लेके, चुपके से खा रही थी. किसी बच्चे ने देख लिया..."

मामीने मध्येच सांगितलं, "पोरगी होती. निळ्या झग्यातली."

"हाँ, बच्ची. तो अम्मा पकड़ी गई ना, ऐसी हँसी कि पल्लू कंधे पे गिर गया. मुँह में एक दाँत नहीं, और ठुड्डी पे बूँदी का दाना चिपका हुआ."

"कौनसी बाजू?" आईने विचारलं.

बाईंनी स्वतःच्या हनुवटीला डावीकडे बोट लावून दाखवलं. आईने मान हलवली. चहा निवत होता, कोणी उचलला नाही.

"फिर से बताओ," आई म्हणाली. "शुरू से."